दुसऱ्याच्या शेतातून सात दिवस: ताई, मी आणि कॉट्सवोल्ड वे

आधीच सांगून टाकतो, आम्ही अख्खा कॉट्सवोल्ड वे, म्हणजे इंग्लंडमधली ही लांब पायवाट, चाललो नाही. तो आहे १०२ मैलांचा, म्हणजे १६४ किलोमीटर, चिपिंग कॅम्पडेनपासून पार बाथपर्यंत, आणि आम्ही त्यातला वरचा निम्मा केला, सात दिवसांत साधारण ९० किमी. मी चोपन्न, ताई एकसष्ट, आणि ताईचा उजवा गुडघा पंच्याहत्तर.

ठरलं ते असं. ताईची मुलगी रेडिंगला असते, ताई तिच्याकडे दोन महिन्यांसाठी गेली आणि तिसऱ्या आठवड्यातच "इथे भिंतींशी किती बोलायचं" सुरू झालं. भाचीचा मला फोन, मामा तू ये आणि हिला कुठेतरी लांब चालायला ने. मी कंपनीच्या कामाने जूनमध्ये लंडनला जाणारच होतो, रजा जोडून घेतली. राहायच्या जागा, सामान पुढे पोचवायची गाडी, सगळं भाचीने केलं, त्यामुळे बुकिंगवर माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही (एक घोळ झाला, तो तिसऱ्या दिवशी येईल).

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर आम्ही आठवडाभर फाटकांचे फोटो का काढत होतो ते कळणार नाही. वाईजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे. आमच्या तुकड्यात जायची वाट चुलतभावाच्या, अण्णाच्या, बांधावरून जाते आणि त्या वाटेवरून गेली अकरा वर्षं आमचं आणि त्याचं तहसीलदारापुढे चालू आहे. मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, हे मला झोपेत विचारा. लग्नाकार्यात एका पंगतीला बसतो, पण वाटेचा विषय निघाला की दोघंही ताटात बघतो.

आदल्या दिवशी: मोरटन आणि कॅम्पडेन

रेडिंगहून मोरटन-इन-मार्शला थेट ट्रेन, तिथून बस. रविवारी बसचा भरवसा धरू नका, आम्ही शनिवारी गेलो. बसस्टॉपवर एक आजोबा भेटले, इंडियाहून आलो म्हटल्यावर म्हणाले मग सेझिन्कोट बघा की, इथून दीड-दोन मैलांवर, इंग्लंडच्या मधोमध मुघल घुमट. ईस्ट इंडिया कंपनीतून परत आलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास भावाकडून, म्हणजे आर्किटेक्ट सॅम्युअल पेपिस कॉकरेलकडून, ते बांधून घेतलं. आणि कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याचं डेल्सफर्डचं घरही जवळच. ताई आयुष्यभर भूगोल शिकवत आली पण इतिहासाचे तासही तिच्या गळ्यात पडायचे, तिने लगेच मला कोपर मारलं, "सालबाईचा तह, १७८२, तोच हेस्टिंग्ज बरं का." आजोबांना महादजी शिंदे सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात बस आली. आजोबा सुटले.

कॅम्पडेन हे गाव लोकरीच्या पैशावर उभं राहिलेलं. सगळी घरं एकाच दगडाची. इंग्रज त्या रंगाला मधाचा म्हणतात, मला विचाराल तर तो सरळ कोल्हापुरी गुळाच्या ढेपेचा रंग आहे, उन्हं कलली की जास्तच. बाजाराची दगडी कमानींची मांडवी १६२७ सालची, आतली फरशी इतकी वरखाली झिजलेली की ताईने माझा दंड धरला. संध्याकाळी पावणेदहाला उजेड होता. ताई खिडकीत बसून म्हणाली, झोपायचं कधी?

दिवस १: कॅम्पडेन ते ब्रॉडवे, साधारण १० किमी

पहिल्या अर्ध्या तासात डोव्हर्स हिल. इथे रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने १६१२ च्या सुमारास 'ऑलिम्पिक' खेळ सुरू केले, म्हणजे आत्ताच्या ऑलिम्पिकच्या कितीतरी आधी, आणि ते अजून दरवर्षी मे-जूनच्या सुमारास होतात. त्यातला मुख्य प्रकार काय, तर एकमेकांची कॉलर धरायची आणि नडगीवर लाथा मारायच्या, पँटमध्ये पेंढा कोंबून. आम्ही गेलो तेव्हा खेळ उरकले होते, टेकडीवर फक्त मेंढ्या.

त्यानंतर शेतं सुरू झाली आणि आमची खरी पंचाईत तिथेच झाली. समोर गहू, मांडीपर्यंत आलेला, हिरवागार, आणि बाण सरळ गव्हाच्या मधून जा म्हणतोय. बघितलं तर खरंच पिकातून मीटरभर रुंदीची वाट सोडलेली. ताई अंग चोरून चालायला लागली, काठी वर धरून, ओंबीलाही धक्का नको म्हणून. मी मागून सारखं वळून बघतोय की आता कोण ओरडतंय.

आला. चार चाकांच्या त्या शेतातल्या मोटरसायकलवरून शेतकरी आला, मागे कुत्रा बसलेला. म्हटलं झालं. तर तो म्हणे, कडेने कशाला चालता, मधून चाला, पाय पडले नाहीत तर वाट बुजते आणि मग मलाच परत काढावी लागते. ताईने त्याला उभं करून पूर्ण चौकशी केली, मास्तरीण ती. कायदा असा की शेतातून आडवी जाणारी पाऊलवाट नांगरायची मुभा आहे, पण पेरणीसाठी नांगरली तर १४ दिवसांच्या आत पुन्हा चालण्यासारखी करून द्यायची, किमान एक मीटर रुंद. जमीन त्याची, पीक त्याचं, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. कौन्सिलकडे नकाशा असतो, त्यावर वाट आहे म्हणजे आहे. "आणि तुम्हाला राग नाही येत?" ताईने विचारलं. तो म्हणाला येतो की, कुत्री मोकळी सोडतात त्यांचा येतो, फाटक उघडं टाकतात त्यांचा येतो. चालणाऱ्यांचा कशाला येईल?

तो गेल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाळ्या, अण्णाला फोटो पाठव." मी म्हटलं कशाला उगाच. पण तिने काढला.

बाणांचं सांगून ठेवतो: पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे पायी, घोडा आणि सायकल. कॉट्सवोल्ड वे २००७ पासून नॅशनल ट्रेल आहे, त्याची खूण ओकच्या फळाची, ती दिसेपर्यंत चिंता नाही. पाच मिनिटं चाललात आणि ओकचं फळ दिसलं नाही तर मुकाट्याने मागे फिरा, पुढे असेल पुढे असेल करत आम्ही एकदा दीड किलोमीटर वाया घालवला. कागदी नकाशा हवाच असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचे एक्सप्लोरर ओएल ४५ आणि १७९, आमच्या टप्प्याला एवढे दोन पुरले.

दुपारी ब्रॉडवे टॉवर. टेकडीवर ६५ फुटांचा बुरूज, १७९८ च्या सुमाराचा, ना लढाईचा ना पहाऱ्याचा, निव्वळ हौसेचा. ज्या देशात आपण वाढलो तिथे बुरुजाला काही काम असतं, त्यामुळे मला तो जरा पोकळ वाटला, पण वरून दिसतं मात्र अफाट, पार वेल्सच्या डोंगरांपर्यंत. उतार संपला की ब्रॉडवे गाव, देखणं आणि टुरिस्टांनी तुडुंब. जेवणाला जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला भलामोठा बटाटा, वर बीन्स आणि चीज. ताईने पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि बटाट्याचा उद्धार केला.

दिवस २: ब्रॉडवे ते विंचकोम, साधारण २० किमी

सगळ्यात लांब दिवसांपैकी एक आणि सगळ्यात मस्त. स्टँटन हे गाव माझ्या मते अख्ख्या वाटेवरचं सगळ्यात सुंदर, ब्रॉडवेपेक्षा कितीतरी वरचढ, कारण तिथे जवळजवळ काहीच विकायला नाही. एक पब आहे टेकडीवर, तिथे बसून दुपारचं खालचं दृश्य बघत ताईने आयुष्यातला पहिला प्लाउमन्स लंच घेतला: पाव, चीजचा मोठा तुकडा, कांद्याचं लोणचं, सफरचंद. "हे तर आपल्या भाकरी-कांद्याचंच इंग्रजी रूप," म्हणाली. लोणच्याला व्हिनेगरचा दर्प मात्र तिला झेपला नाही, तो कांदा माझ्या ताटात आला.

स्टॅनवेला क्रिकेटचं पॅव्हिलियन दगडी अळंब्यांवर उभं आहे. खरंच अळंबीच्या आकाराचे दगड. पूर्वी धान्याची कोठारं अशा दगडांवर ठेवायचे, उंदराला खांब चढता आला तरी वरच्या टोपीला उलटं लटकून पुढे जाता येत नाही. ताईने त्याचे चार बाजूंनी फोटो काढले.

तिथून पुढे बैलांचा प्रसंग. एका मोठ्या कुरणात शिरलो, फाटक लावलं, आणि लांबवर पंधरा-वीस खोंडं होती ती माना वर करून आमच्याकडे बघायला लागली, मग चालायला लागली, मग पळायला. माझी गाळण उडाली, खोटं कशाला सांगू. मी आयटीवाला, गुरांशी संबंध सुट्टीपुरता. ताई मात्र शांतपणे वळली, काठी आडवी धरली आणि पोटातून आवाज काढला, "हाऽऽड! थांब तिथं!" सगळी थबकली. एक नाक फुरफुरून अजून एक पाऊल पुढे आलं, त्याला वेगळं एक "हाड" मिळालं. आम्ही चालायला लागलो की ती मागे, ताई वळली की उभी, असं करत करत फाटकापर्यंत सोडायला आली. पलीकडून एक बाई हे सगळं बघत होती, तिने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं ही कुठली कमांड. (गंमत सोडा, पण गाईबरोबर वासरू असेल तर दोघांच्या मधून अजिबात जाऊ नका, लांबून वळसा घाला. वासरूवाली गाय ताईसुद्धा टाळते.)

विंचकोमच्या अलीकडे पाऊस लागला. मुसळधार नाही, आपल्याकडे ज्याला पाऊस म्हणायची लाज वाटेल असा, पण दोन तास चिकाटीने पडला. त्यात झुडपातून जाताना माझ्या पोटरीला नेटल नावाचं खाजरं रोपटं घासलं, आग आग. टाळ्या वाजवणारी बाई आमच्याबरोबरच चालत होती, तिने बाजूचं डॉक नावाचं रुंद पान तोडून चोळायला दिलं. आपण खाजकुयलीला शेण चोळायचो तसंच. पानाने उतरलं की आपोआप उतरलं माहीत नाही, उतरलं खरं.

हेल्सच्या मठाचे अवशेष वाटेवरच आहेत. १२४६ सालचा मठ, आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये मोडला, आता कमानी आणि गवत. ओल्या बुटांत इतिहास फार पचत नाही, पाच मिनिटांत निघालो.

विंचकोमच्या बी अँड बीची, म्हणजे नाश्त्यासकट राहायच्या घराची, मालकीण आजीबाई, सत्तरीच्या असतील. दारातच बूट काढून घेतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि चुलीसारख्या कायम गरम असणाऱ्या त्यांच्या शेगडीजवळ ठेवले, सकाळी कडकडीत. ताईने कृतज्ञतेपोटी त्यांना चटणीची डबी उघडून दिली, त्यांनी ती डबल ग्लॉस्टर चीजच्या टोस्टवर भुरभुरवून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायल्या आणि परत घेतली. निघताना पाव डबी तिथेच राहिली.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही, पण पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होतात आणि रात्री साडेआठ-नऊनंतर विचारूच नका. आपण नऊला जेवणारे लोक, पहिल्या रात्री चिप्सच्या पाकिटावर झोपलो. बी अँड बीचा नाश्ता दणकून करायचा, खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचे, झालं. दोघांत रात्रीचे १०० ते १३० पाउंड राहण्याचे पडले, नाश्त्यासकट.

दिवस ३: विंचकोम ते क्लीव्ह हिल, १० किमी, आणि बॅगा गायब

सकाळी चढावर बेलास नॅप. पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची मातीची लांब दफनटेकडी, आणि तिला समोर मोठं दगडी दार, जे खोटं आहे. आत काहीच नाही, खरी दालनं बाजूंनी. दार खोटं का केलं यावर लोकांचे वेगवेगळे तर्क आहेत. आसपास कोणी नव्हतं, वर चंडोल गात होते, आम्ही दोघांनी तिथे बसून दशम्या खाल्ल्या.

मग क्लीव्ह हिल, कॉट्सवोल्डमधली सगळ्यात उंच जागा, ३३० मीटर. ताईला फार हसू आलं. आमचं वाई गाव ७०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथल्या शिखरापेक्षा आमची भाजीमंडई उंच. पण वारा मात्र शिखराचा होता, टोपी उडून गोल्फ खेळणाऱ्यांच्यात गेली. हो, त्याच माळावर गोल्फ, तिथेच मेंढ्या, तिथेच चालणारे. हे कॉमन, म्हणजे आपल्या भाषेत गायरान. काही ठरावीक लोकांना इथे गुरं चारायचा पिढीजात हक्क आहे. ताई म्हणाली, आपल्याकडचं गायरान कुठे गेलं? मी म्हटलं, सोसायटी झाली.

ताई मातीचे आणि दगडाचे नमुने खिशात भरते, ही जुनी खोड. इथला दगड हातात घेऊन नीट बघा, बारीक गोल दाण्यांचा असतो, थेट माशाच्या गाभोळीसारखा (उपमा माझी, ताईने नाक मुरडलं). ऊलाइट म्हणतात, उथळ उबदार समुद्रात तयार झालेला, सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी. "आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे हा दहा कोटी वर्षांनी थोरला," असं तिने मला दोनदा सांगितलं आणि संध्याकाळी भाचीला फोनवर तिसऱ्यांदा.

मुक्कामी पोचलो तर बॅगा नाहीत. सामानवाल्यांनी त्या क्लीव्ह हिलऐवजी खालच्या बिशप्स क्लीव्ह गावात टाकल्या होत्या. फोन केला तर उद्या बघू म्हणाले. ताईच्या गुडघ्याच्या गोळ्या बॅगेत. शेवटी आमच्या घरमालकाने स्वतःची गाडी काढली आणि वीस मिनिटांत घेऊन आला, पेट्रोलचे पैसेही घेईना. तेव्हा धडा: पत्ता पोस्टकोडसकट बॅगेवर लिहा आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत.

दिवस ४: क्लीव्ह हिल ते लेकहॅम्प्टन, १६ किमीच्या वर

सकाळची जंगलं लसणाच्या वासाची. रानलसणाची पांढरी फुलं संपत आली होती पण वास भरलेला, ताईला फोडणीची आठवण झाली. बाकी दिवसाचा पहिला भाग चढ-उतार, एक मोठा रस्ता ओलांडणं आणि माझ्या टाचेचा फोड, यात गेला, तो सोडून देऊ.

लेकहॅम्प्टन हिलवर डेव्हिल्स चिमणी आहे, दगडाचा सुळका, खाणकामातून उरलेला. सगळे त्याचा फोटो काढतात आणि जातात. आम्ही बाकावर बसलो तिथे एक निवृत्त गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले, आणि त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मला ही सगळी सहल वसूल वाटली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही टेकडी हेन्री डेल नावाच्या पियानोच्या व्यापाऱ्याने घेतली, खाणीसाठी. लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे फिरायला यायचे. त्याने वाटा बंद केल्या, कुंपणं घातली, आणि मुलांच्या खेळायच्या जागेवर कामगारासाठी घर बांधलं. चेल्टनहॅमच्या लोकांनी कुंपणं तोडली. खटला झाला. १९०२ मध्ये जमाव टेकडी चढून आला आणि ते घर पाडून टाकलं. १९०६ मध्ये पुन्हा दंगल, काही जण तुरुंगात गेले. शेवटी १९२९ मध्ये गावाच्या कौन्सिलने टेकडीच विकत घेतली.

ताई डोळे मोठे करून ऐकत होती. "म्हणजे इथेही!" एवढंच म्हणाली. मग मला मराठीत, "आणि आपण चार दिवस समजतोय की ही माणसं जन्मतःच शहाणी." मी हिशोब केला, भांडण सुरू झाल्यापासून तीसेक वर्षं. म्हटलं मग आमचं अण्णाशी अजून निम्मंही झालं नाही. ते गृहस्थ विचारायला लागले काय म्हणतोय, तेव्हा ताईने त्यांना अकरा वर्षांची केस सुरुवातीपासून सांगितली, सात-बारा, फेरफार, पाणंद, सगळं, आपल्या इंग्रजीत. त्यांनी शेवटी अगदी गंभीरपणे विचारलं, पण तुमचा चुलतभाऊ वाट पूर्ण बंद करतो का? ताई जरा थांबून म्हणाली, नाही, चालत जाऊ देतो, ट्रॅक्टर नको म्हणतो, कारण आमचा गडी फाटक उघडं टाकतो आणि अण्णाच्या म्हशी उसात शिरतात.

हे मी अकरा वर्षांत ताईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तारखांना मी जातो, तिला काय माहीत असेल असं धरून चाललो होतो.

दिवस ५: लेकहॅम्प्टन ते बर्डलिप

छोटा दिवस, दहा-बारा किमी. क्रिक्ली हिलवरून पुढे मोठ्या रस्त्याचं काम चालू, वाट वळवलेली, धूळ आणि पिवळी जाकिटं. एका घराबाहेर टेबलावर अंडी, जॅम आणि पैसे टाकायचा डबा, माणूस नाही. ताईने जॅम घेतला, सुट्टे नव्हते म्हणून जास्त पैसे टाकले आणि मग अर्धा तास "दीड पाउंड जास्त गेला" म्हणत होती. दुपारी क्रीम टी: स्कोन, दाट साय, जॅम. साईचं इतकं कौतुक कुणी करत नाही आपल्याकडे, पण खरं सांगतो, आजीच्या हातच्या साय-साखरेची आठवण झाली.

दिवस ६: बर्डलिप ते पेन्झविक, साधारण १४ किमी

बीच नावाच्या झाडांची जंगलं, अख्खी सकाळ हिरव्या उजेडात. मग कूपर्स हिल. हा तो उतार जिथे मेच्या शेवटच्या सोमवारी वरून डबल ग्लॉस्टर चीजचं चाक सोडतात आणि माणसं त्याच्यामागे उड्या घेतात. धावतात म्हणणं चूक, गडगडतात. खाली रग्बीवाले झेलायला उभे असतात. लेखी उल्लेख १८२६ पासूनचा आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर रेशनिंग होतं तोवर लाकडी चाकाच्या पोटात चीजचा छोटा तुकडा ठेवून परंपरा चालवली. वर उभं राहून खाली बघितलं तर उतार नाही, भिंत आहे. आमच्या बावधनच्या बगाडाला "काय हा जीवघेणा प्रकार" म्हणून नाकं मुरडणाऱ्या पुण्यातल्या मित्रांना तिथूनच फोटो टाकला.

पेन्झविकच्या चर्चभोवती यू नावाची झाडं आहेत, छाटून गोल गोल केलेली. ९९ आहेत, शंभरावं लावलं की सैतान उपटतो म्हणे. ताई मोजायला लागली. पहिल्यांदा ९७ भरली, दुसऱ्यांदा १०२. एक माळी तिथे काम करत होता, त्याला विचारलं, तो म्हणाला मी तीस वर्षं मोजायचं टाळतोय.

चर्चचं एक: गावोगावची चर्चेस बहुतेक दिवसा उघडी असतात, पावसात आत बसता येतं, काही ठिकाणी किटली आणि बिस्किटं ठेवलेली असतात, डब्यात पैसे टाकायचे. पाण्याच्या बाटल्या मात्र पबमध्येच भरून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

दिवस ७: पेन्झविक ते स्टोनहाउस

हॅर्सफील्ड बीकनवर शेवटचं मोठं दृश्य. खाली सेव्हर्न नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय, पलीकडे फॉरेस्ट ऑफ डीन. ऊन लख्ख. ताई म्हणाली धोम धरणासारखं, मी म्हटलं अजिबात नाही, त्यावरून उतारभर वाद.

खाली उतरलो की एकदम वेगळं जग, कालवा, जुन्या गिरण्या, विटा. स्ट्राउडच्या या खोऱ्यात लाल बनात विणली जायची, ब्रिटिश फौजांच्या लाल डगल्यांचं कापड. ईस्ट इंडिया कंपनीही इथल्या कापडाची मोठी गिऱ्हाईक होती. कॅम्पडेनची लोकर बघून सुरुवात केली होती, इथे त्याचं कापड झालं, आणि आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी ते घातलेली माणसं पाहिली असणार. कालव्याकाठी बदकं बघत पाच मिनिटं हाच विचार करत होतो, तेवढ्यात ताईने बूट काढून पाय कालव्यात सोडले होते आणि एक सायकलवाला बहुतेक पाणी स्वच्छ नाही असं सांगत होता.

स्टोनहाउसच्या अलीकडे शेवटचं किसिंग गेट. अर्धगोल कुंपणात झुलणारं फाटक, एका वेळी एकच माणूस जातो, गुरं जाऊच शकत नाहीत, आणि उघडं टाकायचा प्रश्नच नाही, आपोआप टेकतं. ताई आठवडाभर त्याला चक्री फाटक म्हणत होती. तिने त्याचा व्हिडिओ काढला, दोनदा आत-बाहेर करून दाखवलं, बाजूला मोठं ट्रॅक्टरचं फाटक होतं त्याची साखळी कशी अडकवतात तेही दाखवलं, आणि मला न विचारता अण्णाला पाठवून दिला. खाली लिहिलं: "असं बसवलं तर चालेल का रे? ट्रॅक्टरच्या फाटकाला कुलूप, किल्ली दोघांकडे."

स्टोनहाउसहून रेडिंगला थेट ट्रेन मिळाली. डब्यात ताई लगेच झोपली, गुडघ्यावर जॅमची बाटली धरून. स्विंडनला गाडी थांबली तेव्हा माझा फोन वाजला. अण्णाने ताईला नाही, मला उत्तर पाठवलं होतं.

"फाटक बरंय. कितीला पडतं विचार तिथं. निम्मे तुमचे. गड्याला मात्र तू सांगायचं."